क्लचवरचा ठप्पा

"मॅडम, ये लकड़ी निकाल दूँ?" नानाखेड्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीनं क्लचकडे बोट दाखवत विचारलं. त्याच्या हातांना रॉकेलचा वास होता, आणि त्या वासानं मी काकांच्या अंगणात जाऊन पोचले.

भैरवगढ़ची छापील कापडं वाहून थकलेली आपली पिकअप काकांनी मला दिली होती. महिनाभर त्यांच्या अंगणात राबून मी ती रॉकेलनं घासली, रंगवली. क्लचच्या पेडलला तारेनं बांधलेला, छपाईचा एक झिजका लाकडी ठप्पा कचरा समजून काढून टाकला.

काका बघायला आले. "अगं, एकदम नई करून टाकलीस की!" म्हणत हौसेनं स्टिअरिंगवर बसले. त्यांचा डावा पाय लहानपणापासून आखूड. तो क्लचपर्यंत पोचेना. क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग नव्या सीटवरून हात फिरवत म्हणाले, "तूच चालव, बेटा. मी बाजूला बसतो."

मी खूश होऊन गाडी काढली. माझ्या लक्षात आलं ते संध्याकाळी. कचरा उपसून ठप्पा शोधला, परत बांधला. दुसऱ्या दिवशी काकांनी मला रामघाटापर्यंत फिरवून आणलं.

आता काका नाहीत. त्या ठप्प्यामुळे प्रत्येक गिअरला माझा गुडघा स्टिअरिंगला आपटतो.

"रहने दो, भैया," मी म्हणाले.