उतारावर शिकलेला पाय

सकाळी खिडकी उघडली आणि राबाचा धूर घरात आला. जव्हारला आमच्या घरापर्यंत पोचेस्तोवर तो विरळ झालेला असतो, पण ओळखू येतो: सुका पाला, शेण आणि तापलेली माती. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा पावसाआधी अशी भाजून घेतात, हे तुम्हा नातवंडांना मुद्दाम सांगावं लागेल, कारण तुमच्याकडे परदेशात शेतातून धूर निघाला तर लोक आगीचा बंब बोलावतील. मी खिडकी लावली नाही. चहा घेऊन तशीच बसून राहिले. या वासाबरोबर हल्ली मला राखेने काळी झालेली दोन पावलं आठवतात आणि सकाळची कामं थोडी खोळंबतात. माझी कामं खोळंबतात म्हणजे काय, हे तुमच्या बाबाला विचारा.

ती पावलं मोखाड्याकडच्या पोशेऱ्याच्या एका मुलीची. जव्हारच्या वसतिगृहात राहून शिकत होती तेव्हा रविवारी माझ्याकडे इंग्रजीसाठी यायची. क्रियापदाचे काळ तिच्या डोक्यात शिरत नसत, खुर्चीखाली तिचे पाय मात्र सतत काहीतरी घोळवत असत; कधी लिंबू, कधी माझीच चप्पल. पुढे मुंबईतल्या एका फुटबॉल क्लबाने तिला निवडलं आणि खेळण्याचा पगार सुरू झाला. तिच्या आईला ते बरेच दिवस पटत नव्हतं. "खेळायचा पगार? मग काम कधी करतीस?" असं ती प्रत्येक फोनवर विचारायची.

पहिला हंगाम संपला तशी पोर बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. करार पुढे चालवायचा की नाही, हे क्लबाने पावसाच्या तोंडावर होणाऱ्या चाचणीवर ठेवलं होतं. पळण्यात ती कुणाला हार जात नव्हती. पण तिने दिलेला बॉल सोबतच्या खेळाडूपर्यंत जायचा नाही. तो थोडा उजवीकडे आणि थोडा जास्त जोरात जायचा, आणि समोरच्या संघाला आयता मिळायचा. प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून ओरडायचे, "उधर कौन खड़ी है? तेरी नानी?" हे सांगताना ती हसली. "आजी, मी सरळच मारते हो. मला सरळच दिसतं." डॉक्टरांनी गुडघा पाहिला, डोळे तपासले, दोष कुठेच नव्हता.

तुमच्या बाबाच्या खोलीत तिची सोय केली. बूट वर्तमानपत्रावर ठेवायचे आणि न्याहारीला वेळेवर यायचं, एवढे माझे दोन नियम तिने मुकाट्याने पाळले. तिसऱ्या नियमावर, जेवताना पाय हलवायचे नाहीत यावर, मीच पाणी सोडलं.

त्याच सुमारास आम्ही दोघी जीपने पोशेऱ्याला गेलो. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीक केव्हाच निघालं होतं आणि त्या उताराच्या शेतात गावच्या मुली खेळत होत्या. शेजारच्या तुकड्यात राब भाजून झाला होता. बॉल त्यात गेला की पोटऱ्यांपर्यंत राख. त्यांच्या खेळाची रीत मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. गोल एकच, दोन पळसांच्या मधे, आणि दोन्ही संघांनी त्याच्यावरच चाल करायची, कारण दुसऱ्या टोकाला खेळायला जमीनच उरत नाही. गोलाकडे तोंड केलं की चढ उजव्या हाताला आणि ओहोळ डाव्या हाताला. ज्याच्या पायाने बॉल ओहोळात जाईल त्यानेच तो वर आणायचा. त्यामुळे कुणीही मैत्रिणीच्या पायाकडे बघून मारत नाही. चढाकडे, तिच्याही वर मारायचं. बॉल वळण घेत खाली उतरतो आणि अलगद तिच्यापाशी येतो. दिसायला फार सुंदर दिसतं ते.

बांधावर बसून ती बराच वेळ बघत राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "आजी, सगळ्याच वर मारतायत." आणि जरा वेळाने, "मुंबईची जमीन बॉलला खाली आणत नाय."

दोष सापडला म्हणजे जात नाही, हे मी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासून शिकले आहे. दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता आम्ही जव्हारच्या सपाट मैदानावर जाऊ लागलो. शाळेत क्रीडादिनाला आखतात तशी मी फक्कीची सरळ रेघ ओढायची आणि रेघेच्या टोकाला कॅनव्हासचे बूट घालून उभी राहायची. तिने माझ्या पायाशी बॉल द्यायचा. सुरुवातीला तो माझ्या डाव्या बाजूच्या भिंतीवर आपटायचा आणि ती आणायला धावायची. फिरायला येणारी मंडळी थांबून म्हणत, "मॅडम, या वयात गोलकीपर?" मी म्हणायची, "जागा रिकामी होती, घेतली." ऊन चढलं की मी सावलीला जायची, मग माझ्या जागी पाण्याची बाटली उभी राहायची. पायाला फोड आले, तिने पट्टी बांधली आणि पुन्हा मारलं. चिडून रडली ती एकदाच, तेही बॉल आणायला जाताना, पाठमोरी.

हळूहळू बॉल भिंतीकडे जाणं थांबलं. मग एका सकाळी तो रेघेवरची फक्की उडवत आला आणि माझ्या बुटाला लागून राहिला. तिने हात केला, मी परत दिला.

चाचणी झाली. करार पुढे चालू झाला. सामने मी फोनवर बघते. चित्र अडकतं, पण तिने दिलेला बॉल पोचल्याचं कळतं.

चाचणीसाठी मुंबईला जाण्याआधी ती गावी निरोप घ्यायला गेली होती, मीही गेले होते. मुलींनी तिला खेळायला ओढलं. तिने पहिलाच बॉल दिला, अगदी सरळ, नेमका, आणि तो उतरत उतरत ओहोळात गेला. एवढीशी पोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, कुणाला दिलास? खेकड्यांना?" सगळ्या हसल्या. तीही हसली, पण मी तिचा चेहरा बघत होते. तिने बूट काढून बांधावर ठेवले, खाली उतरून बॉल आणला, आणि राखेने पावलं काळी करून घेत त्या पोरींत अंधार पडेपर्यंत खेळली. शेवटी शेवटी तिचे बॉल पुन्हा वळण घेऊ लागले.

परतताना जीपमध्ये म्हणाली, "दोन्ही ठेवीन, आजी. पायाला सांगायला लागतं, एवढंच. थोडा वेळ जातो."

मुलांनो, दर रविवारी तुम्ही फोनवर येता आणि मराठीत बोलायच्या आधी क्षणभर थांबता. शब्द लगेच सापडत नाही, तुमचा चेहरा अवघडतो. पूर्वी मी घाईने तो शब्द पुरवायची. आता पुरवत नाही. कितीही वेळ लागला तरी चालेल, मी फोन धरून बसलेली असते.