भंडारदऱ्याची सहल आणि दिलीपच्या पाकिटातली मडम

सत्तर सालच्या नाताळात मी जीप काढली ती देखावे बघायला नव्हे, भाचा पारखायला. दिलीप म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. इंग्लंडात मोटारींच्या कारखान्यात होता, नाताळची सुट्टी मिळाली म्हणून आला होता. आईबाप गेल्यावर मला अक्कानंच वाढवलं. आमच्यात मामाची मुलगी भाच्याला द्यायची रीत. त्या रीतीनं माझी शैला दिलीपला द्यायची, असा शब्द पोरं रांगत होती तेव्हाच मी अक्काला देऊन बसलो होतो. पण परदेशी गेलेल्या पोरांच्या भानगडी कानावर येत होत्या. म्हटलं, शब्द पाळण्याआधी याला शेजारच्या सीटवर बसवू. जीपच्या खडखडाटात माणूस फार वेळ सोंग धरू शकत नाही.

जीप मिलिटरीच्या लिलावातली, हूड फाटकं. थंडीत असल्या गाडीतून जाणाऱ्यानं कानटोपी विसरू नये. पुढे आम्ही दोघं, मागे शैला आणि अक्का. अक्का सहलीसाठी म्हणून शेवगावहून गाठोडं घेऊन आली होती.

पहिल्या दिवशी नगरजवळचा चांदबिबीचा महाल. जीप अर्ध्यापर्यंत जाते, पुढे चढ पायीच. वर वारा असा, की टोपी हातात धरावी लागते. दिलीपनं रुमाल काढताना पाकीट पाडलं आणि त्यातून एक फोटो निसटला. सोनेरी केसांची मडम, सगळे दात दाखवून हसणारी. मी उचलला, बाहीनं पुसला, परत दिला.

"कोण रे?"

"ओळखीची आहे, मामा," म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. धंद्यात निम्मं काम गप्प बसण्यानं होतं.

दुसऱ्या दिवशी राहुरीच्या अलीकडे एका गिऱ्हाइकाच्या रानात हुरडा. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून तळहातावर चोळलेला तो गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी. डिसेंबर-जानेवारीत या रस्त्यानं जाणाऱ्यानं एवढ्यासाठी तरी ओळख काढावी. यजमान मोठ्या प्रेमानं वाढत होते. "घ्या पाव्हनं, लाजू नका. इलायतंत कुठं मिळतंय हे!"

दिलीप मोठ्यानं म्हणाला, "मार्गारेटला फार आवडलं असतं."

अक्काचा हात थांबला. "कोन रं ती?"

"शेजारीण."

"मग शेजारनीला घालंल की तिचा नवरा हुरडा!"

सगळे हसले. मी हसता हसता दिलीपकडे बघत होतो. उठताना फोटो पुन्हा पडला, या वेळी अक्काच्या पायाशी. तिनं निरखून पाहिला आणि मुकाट्यानं त्याच्या खिशात कोंबला. याचं तिकडे लग्न झालेलं असेल, तर अक्काला सांगायचं कुणी?

संगमनेरला पेट्रोल भरून घ्या, अकोल्याच्या पुढे भरवसा नाही. राजूरनंतर रस्ता नावापुरता. भंडारदऱ्याला धरणाजवळच्या सरकारी बंगल्याची परवानगी नगरहूनच काढलेली बरी. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सांगितलं की मिळतं, पिठलं झकास. जेवायला बसलो तर दिलीप माझ्यादेखत खानसाम्याला विचारतो, "बियर आहे का?"

"ताक हाय साहेब," खानसामा म्हणाला.

सकाळी धुक्यातलं पाणी बघत चहा घेत होतो, तेव्हा मनात पाल चुकचुकली. माझा धंदा जुनी ऑइल इंजिनं घेऊन विकायचा. विकणारा माणूस तडा मेणानं बुजवतो, वर ग्रीस फासतो. जो आपणहून तड्यावर बोट ठेवतो, त्याला इंजिन विकायचंच नसतं. घरच्यांनी बळंच पाठवलेलं असतं. शिवाय ते पाकीट घासून पांढरं पडलेलं, आणि फोटो मात्र कोरा.

होडीनं रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचं देऊळ बघायला दुपार पुरत नाही, एवढं कोरीव काम. अक्का गाभाऱ्यात बसली. मी शेजारच्या पुष्करणीपाशी बूट घालत होतो. खाली पायऱ्यांवर पोरं बसली होती. दगडी बांधकाम, खालचं कुजबुजणंसुद्धा वर येतं.

"आणखी काय करू, शैले? दोनदा पाडला. तुझा बाप पुसून परत देतो!"

"अजून एकदा पाड."

"त्यापेक्षा सरळ सांग ना त्यांना."

"काय सांगू? तुझं नाक पुसत मोठी झाले, तुझ्याशी लग्न कसं करू, हे? आत्या बाबांचं तोंड बघणार नाही. तू नालायक ठरलास तर तू चाललास विलायतेला."

"वा! आणि माझी आई?"

मी एक बूट हातात घेऊन तसाच देवळामागे सरकलो.

परतीला संगमनेरच्या हॉटेलात पोरं भजी आणायला गेली, तेव्हा मी अक्काला म्हणालो, "शैलाला एवढ्या लांब धाडायचं माझ्यानं होत नाही. शब्द मागे घेतो. दिलीपमध्ये खोट नाही. खोट माझ्यात आहे."

अक्कानं कप खाली ठेवला. "रांगत्या पोरांम्होरं बोल्लास तू."

"बोललो होतो."

"आन आता?"

"आता पोरं रांगत नाहीत, अक्का."

नगर येईपर्यंत ती पुढच्या सीटवर रस्त्याकडे बघत बसली. भज्यांना हात लावला नाही. मागे पोरं एकमेकांकडे बघत होती. काहीतरी बिनसलंय एवढंच त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या सकाळी तिला शेवगावच्या एसटीत बसवलं. साडी दिली ती घेतली नाही. मी खिडकीखाली उभा. मोटार सुरू झाली, तेव्हा तिनं डोकं बाहेर काढलं.

"दत्तू, त्या पोराला सांग, पुढच्या टायमाला कागद तरी नीट बघून काप. मडमीच्या मागं साबनाच्या वडीची जाहिरात हाय."

हसली की नाही, ते धुळीत दिसलं नाही. भंडारदऱ्याचं पाणी, ते देऊळ आता अंधुक झालंय. पण हातात आलेला कागद मी उलटून पाहिला नाही, हे आठवलं की आजही इंजिन घेताना मी ते आधी मागून बघतो. आणि ती साडी? दिवाळीला अक्का आली, तेव्हा स्वतःच मागून घेतली.