जाड मुठीचा चमचा

मी ऑक्युपेशनल थेरपीला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या गल्लीत बातमी पसरली की ही आता लोकांना नोकऱ्या लावून देणार. दोघं तर बायोडाटा घेऊन घरी आले. सोलापुरात फिजिओ म्हटलं की लोकांना निदान मालीश तरी आठवतं. आमच्या नशिबी तेही नाही. आजारपणात ज्याची रोजची कामं सुटली त्याला ती पुन्हा करायला शिकवायची, अंघोळ, बटणं, जेवण, असं मी समजावून सांगायची. त्यावर माझी मावशी म्हणाली, "जेवायला शिकवायला एवढी वर्षं कॉलेज?" मला फार राग आला होता.

शेवटच्या वर्षाला मला जे पेशंट मिळाले ते अक्कलकोटकडचे ज्वारीचे व्यापारी. कपाळाला विभूती, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. अर्धांगवायूच्या झटक्यानं उजवा हात गेलेला. जीभ मात्र शाबूत होती आणि हाताची कसर तीच भरून काढत होती. बोटं मिटायची, पण उघडायला तयार नसायची, अंगठा तर रुसूनच बसलेला. उशाशी त्यांची सून. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आजोबांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "नातीच्या पंगतीत म्या माझ्या हातानं जेवणार. कुणी भरवाय लागलं तर ताटावरनं उठून जाईन." उठून जायला फिजिओच्या पोरांनी अजून शिकवायचं होतं, पण धमकी खरी होती.

मी पुस्तक उघडलं. पुस्तकात सोपा उपाय होता: उजवा हात निकामी तर डावा तयार करा. मी मोठ्या उत्साहानं त्यांच्या डाव्या हातात घास दिला. त्यांनी आधी घासाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग माझ्याकडे. "ह्यो हात कशाला असतो, ते तुज्या पुस्तकात लिव्हलं न्हाय व्हय?"

दुसरा उपाय जाड मुठीचा चमचा. ज्याची पकड कमजोर त्याच्यासाठी चमच्याची दांडी जाड करायची. मी सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणली, चमच्यावर बसवली, घासून गुळगुळीत केली. कॉलेजच्या मॅडम खूश झाल्या. त्यांनी तो चमचा वर्गात सगळ्यांना हाताळायला दिला. वॉर्डात मात्र आजोबा म्हणाले, "बेडा, नगं. म्या काय दवा पितोय? भाकरी कशी मोडायची ह्यानं?"

मी पुन्हा पुस्तक चाळलं. आमच्या अभ्यासक्रमात सूप होतं, काटा-सुरी होती, बाथटबात उतरायची रीत होती (बाथटब आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता). भाकरी नव्हती.

मग मी हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वतःचं जेवण सोडून इतरांच्या हातांकडे बघू लागले. मैत्रिणींना वाटलं, मी त्यांच्या भाकरीवर नजर ठेवून आहे. आपण एका हातानं भाकरी कशी मोडतो, हे जन्मात कधी पाहिलंच नव्हतं. मागची बोटं भाकरी ताटाशी दाबून धरतात, अंगठा आणि पुढची दोन बोटं तुकडा ओढतात, आणि त्याच तुकड्याची खोलगट वाटी करून आमटी उचलतात. मी ते टिपून घेतलं, त्याचे टप्पे पाडले आणि एक-एक टप्पा आजोबांच्या हाताला शिकवायला लागले. आधी शेंगदाणे उचलणं, मग कडक भाकरी नुसती दाबून मोडणं. ती मोडल्याचा आवाज होतो, तो ऐकून ते खूश व्हायचे. मऊ भाकरी सगळ्यात शेवटी.

अंगठा हळूहळू हलायला लागला. आता अडचण अंगठ्याची नव्हती, सुनेची होती.

ती बाई सासऱ्यांचं इतकं करायची की त्यांना करायला काही उरायचंच नाही. मी पाठ वळवली की भाकरी आमटीत कुस्करून, घास करून त्यांच्या तोंडात. मी चिडायची. "ताई, तुम्ही भरवलंत तर हात सुधारणार कसा?" ती हसून वाटी खाली ठेवायची आणि मी गेले की पुन्हा उचलायची. एकदा मात्र तिनं मला जिन्यात गाठलं. "तुमचं पटतंय हो. पण येणारेजाणारे काय म्हंत्यात, ऐकलंय का? म्हातारा सांडत-लवंडत खातोय आन् सून हाताची घडी घालून बसलीया."

ते खरंच होतं. भेटायला येणारी माणसं पेशंटला कमी आणि सुनेलाच जास्त तपासत. एवढी बारीक तपासणी आम्हाला चार वर्षांत कुणी शिकवली नव्हती. तिची मला दया आली आणि स्वतःच्या चिडण्याची लाजही वाटली. शेवटी आम्ही तोड काढली. जेवणाच्या वेळी कॉटभोवतीचा पडदा ओढायचा. आत आजोबा सांडत-लवंडत जेवायचे, बाहेर सून रिकामी वाटी हातात धरून उभी राहायची, नुकतंच भरवून आल्यासारखी.

मॅडमसमोर केस मांडली तेव्हा आजोबांनी चमचा हातात धरून दाखवला, माझ्यावर उपकार म्हणून. मॅडमनी शेरा दिला: चमचा उत्तम, ध्येय मोघम. "पंगतीत जेवणं" हे त्यांच्या मते ध्येय होऊ शकत नव्हतं, कारण ते मोजता येत नव्हतं.

लग्नाला आजोबांनी मला आग्रहानं बोलावलं. कार्यालयात पाऊल टाकलं आणि हसावं की रडावं कळेना. बुफे होता. वऱ्हाड हातात ताटल्या घेऊन उभं, आणि लहानथोर सगळे चमच्यानं खात होते. खुर्चीवर बसलेल्या आजोबांनी मला लांबूनच पाहिलं. "तुजा चमचा आणाय पायजे हुता की!"

त्यांच्या हट्टापायी घरच्यांची एक पंगत मात्र मांडली होती. त्यांच्यापुढे टेबल ठेवून पानात भाकरी, शेंगाचटणी आणि हुग्गी वाढली. हुग्गी म्हणजे तिकडची गव्हाची खीर, घट्ट, गूळ घातलेली. सगळी पंगत खाली मान घालून जेवत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकाच हाताकडे बघत होती. पहिला तुकडा निसटला. दुसरा मोडला, पण चटणी धोतरावर सांडली. शेजारच्या पानावरच्या, नात्यातल्या एक आत्याबाई सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "भरव की गं! बघत काय उबी ऱ्हायलीस?"

इथे पडदा नव्हता. सुनेचा हात पुढे गेलाच. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. तिनं हात मागे घेतला आणि पदराचं टोक मुठीत घट्ट आवळून उभी राहिली. तिसरा तुकडा तोंडापर्यंत गेला. चौथाही गेला. माझे डोळे भरून आले, आणि मॅडम तिथे असायला हव्या होत्या असं फार वाटलं.

भाकरी संपल्यावर आजोबांनी चार बोटांनी हुग्गी उचलली. हात तोंडाकडे न जाता बाजूला वळला तेव्हा मला वाटलं, खांदा दगा देतोय. पण ते सुनेला म्हणाले, "खाली वाक."

"मामा, नगं, लोकं बघत्यात—"

"वाक म्हंतो की."

ती वाकली. अर्धी हुग्गी तिच्या तोंडात गेली, अर्धी गालावर. पंगतीतल्या खाली घातलेल्या माना एकदम वर झाल्या. आणि आत्याबाई म्हणाल्या, "काय दिवस आल्यात बाई! आजारी सासऱ्याकडनं भरवून घेतीया."

सुनेनं गाल पुसला नाही. कोण बोललं ते बघायला मानही वळवली नाही. ती सासऱ्यांच्या हाताकडे बघत सावकाश घास चावत राहिली.