फुली नसलेली विंडो

ऑफिसात त्यांना सगळे चौकटकाका म्हणायचे. प्रोग्रॅमच्या आत काय चालतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते फक्त विंडोची कड आणि वरची नावाची पट्टी घडवायचे. संगणकाची आयती पट्टी काढून स्वतःची लावली की विंडो सरकवायची, बंद करायची सोयही जाते. ती पुन्हा आपणच लिहावी लागते. त्यांच्या हाताखाली शिकताना मी एकदा ती लिहायला विसरले, तर काका खेकसले, "आता ही विंडो काय कपाळाने ढकलायची?"

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेले. दूरदेशी असलेल्या मुलीशी बोलायला त्यांनी स्वतः केलेला प्रोग्रॅम टेबलावरच्या संगणकावर उघडाच होता. निळसर कड, पट्टीवर मुलीचं लाडाचं नाव, आत नुसता काळोख. उगाच चालू राहिलाय म्हणून मी बंद करायला गेले, तर पट्टीवर बंद करायची फुलीच नाही.

"काका, तुम्हीसुद्धा विसरलात?" मला हसू आलं.

"विसरायला मी काय तू आहे?" ते चहा ओतत म्हणाले. "तिच्याकडे आहे फुली. बोलून झालं की ती बंद करते. माझ्या बाजूने उघडं राहू दे."

ती शेवटची कधी दिसली होती, हे विचारायला माझी जीभ रेटेना.