पाटीवरनं पुसायचं नाव

अख्ख्या मुळशीत बाँब टाकायचं इमान चालवनारं एकच मानूस व्हतं, आन ते म्हंजी आमचं चुलतसासरं, नाना. आता इमान म्हंजी त्यांची वडापची जीप, माले ते पिरंगुट, आन बाँब म्हंजी आत कोंबलेले आमी समदे, पन हे नानांच्या म्होरं बोलायचं न्हाई. नानांना लई वर्सांमागं रद्दीत एक पुस्तक घावलं, रशियाच्या एका पायलटचं. लढाईत त्यो रातभर उडून लांब लांब बाँब टाकून यायचा, थंडीनं हात आकडायचे, एकदा इमान पडलं तर दुश्मनाच्या जंगलातनं चालत चालत आपल्या लोकात आला आन म्हनला, "दुसरं इमान द्या." मग त्याला सरकारनं सोन्याच्या ताऱ्याचं पदक दिलं. पुस्तकाचं पयलं पान वाळवीनं खाल्लं, आन आत नुसतं 'पायलट' लिवलंय, म्हनून त्याचं नाव कुनाला ठावं न्हाई. नाना नुसतं "आपला पायलट" म्हन्त्यात, जसा काय पौडात ऱ्हातोय.

आपला पायलट वजन बगितल्याबिगर उडत नसं, म्हनून नाना बी चढनाऱ्या बाईला इच्यारनार, "वजन किती?" एकदा भाजीवाल्या आक्काला मागं बशिवलं आन म्हनले, "आक्के, तू मागचा बंदूकवाला. मागनं कोन येतंय ते वरडून सांग." आक्का वरडली, "तुजी बायकू येतीया, लाटनं घिऊन!" जीप हासून हासून हलाया लागली, नाना मातुर आरशात बगत व्हते. नानांच्या घराच्या दाराला एक पाटी हाय. लढाईत मोठा साहेब हुबा ऱ्हाऊन परत आलेली इमानं मोजायचा म्हनं, म्हनून सकाळी जो वाडीतनं भाईर जाईल त्याचं नाव नाना खडूनं लिवनार, आला की पुसनार. आमचे हे एकदा न सांगता ओव्हरटाइमला थांबले, तर नाना कंपनीच्या गेटावर जाऊन, "आमचं एक कमी हाय!" ह्यांना आठवडाभर समदे इमानच म्हनत व्हते.

मी बी लई हासायचे. मग श्रावणात माजी छकुली तापली, सा म्हैन्याची, सकाळी तिचे डोळे फिरले, आन मी भित्री, तिला घिऊन नुसती दारात पळाले. हे पयल्या पाळीला गेलेले. भाईर धुकं असं की आंगनातली तुळस दिसंना, दुसरा जीपवाला सरळ न्हाई म्हनला. नाना आले, मनगटावरचं घड्याळ काढून माज्या हातात दिलं, म्हनले, "आपला पायलट ढगात कायबी दिसलं न्हाई तरी घड्याळ बगून कुटं वळायचं ते वळकायचा. आपन बैलगाडीच्या चालीनं जायाचं. वढ्यापास्नं वळणापतोर दीडशे सेकंद. तू मोज, मोठ्यानं." मी सातवी शिकलेले, पन मोजाया लागले, पोर मांडीवर, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आन मदीच छकुली कन्हली आन माजा आकडा सुटला. भ्यानं मी कायतरी ठोकून दिलं, "नव्वद!"

नानांनी जीपच थांबवली. वळून म्हनले, "पोरी, चुकले म्हन. चुकले म्हनलं की थांबता येतं, खोटा आकडा दिला की समदे मरत्यात." मी रडत म्हनले, "चुकले." ते उतरले, धुक्यात हातानं चाचपत ग्येले, आन वरडले, "मैलाचा दगड घावला! हितनं परत एकपास्नं धर!" धरलं. पौडाच्या दवाखान्यात डाक्टरीनबाई म्हनली येळेवर आनलं, आन सांजच्याला छकुलीनं नानांची मिशी वढली.

पुस्तकाची शेवटची पानं बी न्हाईत. पायलट पुन्यांदा उडतो, ढगात शिरतो, आन संपलं. मी म्हनले, "नाना, मोबाईलवर हुडकू का, आला का न्हाई त्यो?" तर म्हनले, "नगं. पान न्हाई म्हंजी अजून हवेत हाय."

आता नानांना नीट दिसत न्हाई. जीप आंगनात हुबी हाय, कोंबड्या बसत्यात तिच्यात. काल ते डोळ्याचं आपरेशन कराया बसनं पुन्याला ग्येले, आन मग माज्या ध्यानात आलं, त्या पाटीवर समद्यांची नावं आली, नानांचं कदीच न्हाई. मी खडू घेतला, मोठ्या अक्षरात लिवलं, नाना. छकुली आता चालतीया, सारखी पाटीकडं जाऊन हातानं पुसाया बगती. मी तिला मागं वढते, म्हन्ते, थांब की बाय, बस तर येऊ दे.