मामाचा कान आणि माझा पाय

आमच्या गॅरेजमागे जुन्या टायरांचा ढीग आहे, पण त्याहून मोठा ढीग किश्शांचा. टायर निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

गॅरेज कुडाळजवळ, हायवेला लागून. मालक माझा मामा, आबा मेस्त्री. वय साठ, झुपकेदार मिशी चाळीस वर्षांची. हल्ली पोरं गाडीच्या स्प्रिंगा काढून तिथं हवेचे रबरी फुगे बसवून घेतात. बटण दाबलं की गाडी उठते, दाबलं की बसते. बाजारात ऐट! पण एखादा जॉइंट जरा सुटला की हवा गळते आणि सकाळी गाडी पोट टेकून बसलेली सापडते. बाकीचे मेस्त्री साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधतात. मामा कान लावतो. "साबण कपड्यांक," म्हणतो. आणि वर हेही म्हणतो, "ज्या दिवशी माझो कान चुकात, त्या दिवशी पानो खाली ठेवतलंय." हा माणूस बोलला की करतो, त्यामुळे त्या वाक्याची मला कायम भीती वाटायची.

*

दोडामार्गचा एक जण रोज गोव्याला नोकरीला जायचा. गाडी ऐटीत खाली बसवून चालवायचा. एकदा ती गतिरोधकावरच अडकली. बटण दाबतो तर टाकीत हवाच नाही. मागे एसटी थांबली. शेवटी एसटीतले दहा-बारा पॅसेंजर उतरले आणि गाडी उचलून पलीकडे ठेवली. त्यातल्या एका आजीनं त्याला मायेनं विचारलं, "गाडयेक काय दुखता रे?"

*

मामा कान लावायचा तेव्हा दुकानांची सगळी ओळ गप्प व्हायची. शेजारच्या हॉटेलातला मिक्सर बंद, पंक्चरवाल्याचा रेडिओ बंद. सुशाकाकी स्कूटरवरून मासे विकायला येते. तिचा आवाज दोन वाड्यांपलीकडे जातो. ती पण स्कूटर बंद करून आमच्या दारात कुजबुजायची, "बांगडे… बांगडे आसत…" जोरात सांगितल्यावर जेवढे खपत, त्याहून जास्त त्या दिवशी खपायचे.

*

वालावलला एक जावई सासरी गेला. सकाळी गाडी अंगणात बसलेली. सासऱ्यांनी बॉनेटवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, घरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि तेवढ्यात जावयानं चावी फिरवली. कॉम्प्रेसर सुरू झाला, गाडी हळूहळू उठली. सासूबाईंनी हात जोडले. जावई तो नारळ डॅशबोर्डवर घेऊनच आमच्याकडे आला. मामानं कान लावला, सायलेन्सरला घासलेला पाईप काढून नवा घातला आणि नारळ स्वतःच्या हातानं परत जागेवर ठेवला. "पाईप मी बघितलंय," म्हणाला, "राखण तेंची."

*

आता खरं सांगतो. गेल्या वर्षी एका गाडीची हवा फुसफुसत होती. मला दारातून ऐकू येत होती. मामा तिथंच कान टेकून बसला होता आणि म्हणाला, "हंय बरा आसा." म्हणजे इथं सगळं ठीक! बोललेलं त्याला ऐकू येतं, पण हवेचा बारीक आवाज त्याच्या कानाला येईनासा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून धुण्याच्या निमित्तानं प्रत्येक गाडीवर आधी मीच साबणाचं पाणी मारू लागलो. बुडबुडा दिसला की पुसायचा आणि त्या चाकापाशी पाय टेकून उभं राहायचं, मामा चुकलाच तर हळूच सांगता यावं म्हणून. मामा कान लावत फिरायचा आणि नेमका तिथंच थांबायचा. मला वाटायचं, नशीब बरं आहे.

एकदा फोन आला. बोलता बोलता मी पुढच्या चाकाला पाय लावून उभा राहिलो. गळती मागे होती. मामानं पुढचा जॉइंट खोलून ठेवला! मग त्यानं मान वर केली, माझ्या पायाकडे बघितलं आणि चहा आणायला सांगितलं.

*

चार दिवसांनी मामा मिशी काढून आला. सगळी ओळ हसली.

त्याच सकाळी मालवणहून फिलिप आला. मुलीचं लग्न संध्याकाळी. तिला चर्चला याच गाडीतून जायचं होतं, आणि गाडी फुलांसकट एका कुशीवर बसलेली. मी बादली उचलली.

"बादली ठेव," मामा म्हणाला. "आज तुझो पाय नको माका. खुर्चेर बस."

मी बसलो. बसण्यावाचून काय करणार? मिक्सर बंद झाला, रेडिओ बंद झाला, सुशाकाकीनं स्कूटर बंद केली. मामानं तांब्यातलं पाणी घेऊन वरचा ओठ ओला केला, गाडीखाली सरकला आणि पाईपाला लागेल न लागेल असं तोंड फिरवत गेला. मागच्या डाव्या जॉइंटपाशी ओल्या ओठाला गार झुळूक लागल्यासारखा थांबला.

"हंय."

तो पाना आणायला उठला तेव्हा मी गुपचूप साबणाचं बोट लावून बघितलं. नेमका तिथंच बुडबुडा आला. जॉइंट बदलला, गाडी उठली आणि उठलेलीच राहिली. फिलिपनं मामाला मिठीच मारली.

सुशाकाकी इतका वेळ मामाच्या तोंडाकडेच बघत होती. तिनं शेवटी विचारलंच, "मेस्त्र्यांनू, मिशी कित्याक काढलास?"

मामानं ओठ पुसला.

"उकडता गो," म्हणाला.