त्यांनी जोडलेला इन्व्हर्टर आज देऊन आले

मंडळी, आज मन घट्ट करून एक काम केलं. कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

आम्ही बदलापूरला राहतो. सासूबाईंना ऑक्सिजनचं मशीन लागतं. लाइट गेली की ते आमच्या इन्व्हर्टरवर नुसतं घरघरायचं आणि तापायचं. हा इन्व्हर्टर माझ्या मिस्टरांनी स्वतःच्या हाताने जोडलेला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

सकाळी तो रिक्षात घालून उल्हासनगरला कॅम्प पाच भागात नेला. तिथल्याच एका इन्व्हर्टरच्या दुकानात मिस्टर कामाला होते. दुकानाच्या शेठनी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. "भाभी, सोल्डरिंग देखो, एकदम सफाई! पण हा पंखा-ट्यूबसाठी ठीक आहे. मशीनला नाही चालणार."

मी त्याबद्दल वाचलं होतं. बॅटरीतला करंट एकाच दिशेने वाहतो. इन्व्हर्टर ती दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटवतो, तेव्हा घरातल्या वस्तू चालतात. आमचा जुना इन्व्हर्टर ती झटक्याने उलटवायचा, नवा हळूहळू उलटवतो, लाटेसारखी. मशीनच्या मोटरला झटके सोसत नाहीत.

जुना देऊन नवा घेतला. नाहीतर परवडत नव्हता.

दुपारी लाइट गेली, पण मशीन शांतपणे चालत राहिलं. मी विचारलं, "आई, बरं वाटतंय का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या श्वासापायी माझ्या लेकाची वस्तू घालवलीस गं."

तुम्ही माझ्या जागी असता तर त्यांना काय सांगितलं असतं?